ओडारलेच्या घरची तांबोशी

आमच्या किनाऱ्यावर आज येणाऱ्या प्रत्येक होडीतला एक मासा तोडून पाहतात. चाळीस होड्या आल्या तर चाळीस मासे. बाहेरचे व्यापारी हसतात, म्हणतात, टेशी गावच्या या बायकांना वेळ फार. हसू देत. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही फक्त पहिल्या होडीतला मासा तोडत होतो, आणि तेवढ्याशा फटीतून जे आत शिरलं ते मी अजून विसरलेली नाही. मी काही लिहिणारी बाई नाही, मासळीला धुरी देणारी आहे. पण ओडारलेची गोष्ट लोक अर्धीच सांगतात, आणि त्या अर्धीतही स्वतःला वाचवून घेतात. म्हणून मी सांगते. माझी लाज त्यात निघेल. निघू दे.

ओडारले माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिनं मला हाताला धरून आपल्या चटईवर आणून बसवलं आणि पुढ्यात आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, केंकीचा, गोळा आणि तळलेली तारली ठेवली. म्हणाली, "रडून झालं की खा. गार झालं तर मी दुसरं देणार नाही." तेव्हापासून मी तिला आवो म्हणते, म्हणजे आई. पुढे सगळा किनाराच तिला आवो म्हणायला लागला, पण पहिली मी.

बुटकी, रुंद बाई. डाव्या गुडघ्यात दुखणं, त्यामुळे चाल जराशी हेलकावणारी. कमरेला तिच्या आईचे मणी, ते चालताना लुगड्याखाली खुळखुळायचे. तो आवाज आला की भांडणाऱ्या बायका तोंडं मिटायच्या, आणि घमेल्यात वरती चांगली नि खाली शिळी मासळी लावणाऱ्यांचे हात तिथंच थांबायचे. हसायची मात्र एवढ्या जोरात, की होडीतल्या माणसांना जमीन जवळ आल्याचं कळायचं, असं पुरुष म्हणत.

ती आमची कोंकोहेमा, मासळीची राणी. राणी म्हटल्यावर मुकुट डोळ्यांपुढे आणू नका. तिच्याकडे एक लाकडी स्टूल होतं, एक निळं घमेलं होतं आणि भाव ठरवायचा हक्क होता. सकाळी मासळी घेऊन पहिली होडी वाळूला लागली की राणी तिच्यापाशी जाते. विकणाऱ्यांच्या बाजूनं तांडेलाची बायको उभी राहते, घेणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या बाजूनं राणी. दोघी एकमेकींची आई-आजी काढतात, छाती पिटतात, पाठ फिरवून चालायला लागतात, परत येतात. ठरलं की राणी होडीच्या कडेवर तीन थापा मारते. तो त्या दिवसाचा भाव. मागून किती का होड्या येईनात, सगळ्यांना तोच.

मासा तोडायची रीत मात्र ओडारलेची स्वतःची. राणी होण्याच्या आदल्या वर्षी तिनं एका होडीवाल्याकडून चार घमेली तारली घेतली. भट्टीवर चढवली तर मासा जाळीवरून उचलताच हातात तुकडे. काही होडीवाले दगडाच्या खाणीतून सुरुंगाच्या कांड्या चोरून आणायचे आणि समुद्रात टाकायचे. पाण्यात स्फोट झाला की मासळी पोट वर करून तरंगते. जाळंसुद्धा धड टाकावं लागत नाही. पण त्या जागी मग अंडं राहत नाही, पिल्लू राहत नाही, पुढच्या वर्षी तिथं नुसतं खारं पाणी. ओडारलेनं घरामागे खड्डा खणला आणि चारही घमेली पुरून टाकली. "वेड लागलंय हिला," बायका म्हणाल्या. "मसाला चोपडून विकली असती तर कोणाच्या बापाला कळलं असतं?" पुढच्या वर्षी जुनी राणी वारली, आणि त्याच बायकांनी या वेडीला निवडलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, जिनं स्वतःचा माल पुरला ती आपल्याला फसवणार नाही.

तेव्हापासून भाव करण्याआधी ती पहिल्या होडीतला एक मासा उचलायची, दोन्ही हातांनी वाकवायची आणि कान लावायची. जाळ्यातल्या चांगल्या माशाचा कणा मोडताना टक् असा आवाज येतो. सुरुंगाच्या माशाचा कणा आधीच मोडलेला असतो, तो काही बोलत नाही.

तिचे किस्से सांगायचे तर दिवस पुरणार नाही. होड्यांच्या पंचात सगळे पुरुष. ती पहिल्यांदा गेली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "बाईला इथं जागा नाही." ही म्हणाली, "जागा कुठं मागितली, आजोबा? स्टूल मी घरून आणलंय." आणि बसली. एकदा मतं मागायला एक पुढारी आला, पांढरे बूट घालून. त्याला मासळीबरोबर फोटो हवा होता. ओडारलेनं त्याच्या हातात एक ओली तारली दिली. "तोडा आधी. कान लावा. आवाज आला का? आता आमच्या किनाऱ्यावर हा आवाज टिकवायला तुम्ही काय करणार ते सांगा." तो काय बोलला ते कुणालाच आठवत नाही. त्याचे बूट मात्र सगळ्यांना आठवतात.

आता तिचा नवरा. लान्ते. उंच, शिडशिडीत, मोजकं बोलणारा, आणि समुद्रावर त्याच्यासारखा तांडेल दुसरा नाही. तो पुरुषांच्या घरात राहायचा, ती आम्हा बायकांच्या घरात, आमच्यात चालतं तसंच. रोज संध्याकाळी ती त्याचं जेवण रांधायची, काळ्या मातीच्या वाडग्यात भरून वर फडकं बांधायची, आणि तो वाडगा गल्ली ओलांडून पोचवायचं काम माझं. सात वर्षांची होते तेव्हापासून. माझं लग्न झालं, मुली झाल्या, त्या मोठ्या झाल्या, तरी लान्तेचा वाडगा मीच न्यायची. रिकामा वाडगा धुऊन परत यायचा, आणि सोबत दुसऱ्या दिवशीसाठी घरचा मासा. चौतीस वर्षांत दोघांची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण वाडगा चुकला नाही.

त्या वर्षी होमोवोच्या, भुकेला हसून हाकलायच्या आमच्या सणाआधीचे भुकेचे महिने नेहमीपेक्षा लांबले. दूर, आभाळ पाण्याला टेकतं तिथं मोठ्या बोटी उभ्या असायच्या, त्यांच्या पोटात सगळा समुद्र जात होता. आमच्या होड्या तेल जाळून यायच्या आणि एखाददुसरं घमेलं आणायच्या. लान्तेची होडी मात्र बरी भरलेली असायची. पहिली कधी नाही. दुसरी किंवा तिसरी. बायका चेष्टा करायच्या, "तांडेल म्हातारा झाला, शर्यतीत मागे पडायला लागला." तो मान खाली घालून हसायचा.

आणि त्याच महिन्यांत घरी तांबोशी यायला लागली.

तांबोशी! त्या दिवसांत! लालभडक, हातभर लांब, ओठात गळाची खूण असलेली, डोळे काचेसारखे स्वच्छ. मी ती पाटीत घालून गल्लीतून आणायची आणि उंबऱ्या-उंबऱ्यावरून बायका बघायच्या. ओडारले तर हरखून गेली होती. शेंगदाण्याच्या कालवणात तांबोशीचे तुकडे सोडताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "चौतीस वर्षांनी माझ्या नवऱ्याला बायकोची चव कळली! कोवळ्या वयात नुसत्या तारल्या आणून टाकायचा. आता बघा, गळ टाकून बसतो म्हातारा, माझ्यासाठी!" आणि तिचं ते हसू. बायका हसायच्या. मीही हसायची. ते हसू मला आज आठवलं की कानशिलं तापतात.

कारण लान्तेची तारली मी आणि आणखी आठ-दहा जणी घेत होतो. आणि आमच्या भट्ट्यांवर काय होत होतं ते आम्हालाच माहीत होतं. पहिल्या दिवशी वाटलं, जाळ जास्त झाला. दुसऱ्या दिवशी मी जाळ कमी ठेवला. तरी मासा उचलला की अंग एकीकडे, डोकं एकीकडे. डोळ्यांत रक्त साकळलेलं. एक मासा मी अंगठ्यानं उघडून पाहिला, कण्याचे चार तुकडे.

मी काय केलं? सांगते. तुकडे उन्हात वाळवले, कुटून चुरा केला, मिरची घालून विकला. मी, ओडारलेच्या हाताखाली वाढलेली, तिचा उजवा हात म्हणवणारी. आणि आवोला एका शब्दानं विचारलं नाही. कारण मला वाटलं, तिला माहीत आहे. माझं गणित साधं होतं. घरात गळाची तांबोशी, बाजारात सुरुंगाची तारली. असं दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय कसं होईल? ती स्वतः भट्टीपाशी कधीच नसायची, धुरानं तिची छाती धरायची म्हणून तीन वर्षांपूर्वीच तिनं धुरी देणं सोडलं होतं. पण हे मला तेव्हा सुचलंच नाही. माणूस एकदा संशय घ्यायला बसला की त्याला हवं तेवढंच दिसतं.

एकदा वाटेत कोर्शीनं मला गाठलं. कोर्शी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची सर्वांत तिखट जीभ. म्हणाली, "काय गं अदोले, तुझ्याही भट्टीवर मासे नाच करतात का? सगळे अवयव सुटे?"

"जाळ जास्त होतो," मी म्हटलं.

"हो का? आम्हा दहाजणींचाही एकदमच जास्त होतो." तिनं राणीच्या घराकडे मान उडवली. "झाकली मूठ आहे. झाकलेलीच बरी. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, आणि ही तर राणी."

हळूहळू सगळ्या बाजाराला कळलं, तरी सगळी अळीमिळी गुपचिळी. दोन महिने.

त्या बुधवारी, मंगळवारची समुद्राची सुट्टी संपवून, सगळ्या होड्या पहाटे गेल्या होत्या. ऊन चढलं तशा एकेक परतायला लागल्या. पहिली आली, रिकामी. रिकामी होडी पहिली धरत नाहीत. दुसरी आली, तिच्यात तळाशी चार खेकडे. तिसरी, चौथी. नऊ होड्या लागल्या आणि घमेलंभर मासळी नाही. बायका एकेका होडीला गराडा घालून तांडेलांवर तोंडसुख घेत होत्या. "एवढं तेल जाळून काय आणलंस? वारा? तो इथंही फुकट मिळतो!"

लान्तेची होडी लाटांपलीकडे थांबलेली दिसत होती. आता मला कळतं तो कशासाठी थांबला होता. रोजच थांबायचा. दुसऱ्या कुणाचा मासा तुटावा, भाव व्हावा, तीन थापा पडाव्यात, मग आपण जावं. त्या दिवशी त्यानं लांबून वाळूवरच्या नऊ होड्या पाहिल्या, त्यांच्याभोवतीची बायकांची झुंबड पाहिली, आणि त्याला वाटलं भाव झाला. तीस वर्षं होडी हाकणारा तांडेल, समुद्राचा रंग बघून खोली सांगणारा, आणि बायकांचं भांडण नि बायकांचा बाजार यातला फरक त्याला लांबून कळला नाही. वल्ही मारत तो आत आला. होडी काठोकाठ भरलेली.

किनाऱ्यावर आधी ओरडा झाला आणि मग बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मासळी घेऊन आलेली पहिली होडी. राणीची स्वतःची.

ओडारले स्टुलावरून उठली. तिच्या घरची होडी पहिली आली की ती विकणारी होते, आणि घेणाऱ्यांच्या बाजूनं मी उभी राहते. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "म्हातारा मागे पडला म्हणत होतात ना? बघा! चल अदोले, आज तू राणी. दयामाया नको. मी तुझ्या कातडीचे जोडे करणार आहे आज!"

मी लान्तेकडे पाहिलं. तो होडीबाहेरच्या पाण्याकडे पाहत होता. आणि मी मूर्खासारखी घाईघाईनं भाव बोलून गेले. चांगला भाव. जरा जास्तच चांगला.

"तोडल्याशिवायच?" मागून कोर्शी. "वा! कुंपण शेत खात होतं, आता राखणदारीणही पान मांडून बसली!"

बायका फिसफिसल्या. ओडारलेचं हसू गेलं. तिला वाटलं मी तिला मान देतेय, घरची म्हणून सूट देतेय, आणि कोर्शी त्यावरून टोमणा मारतेय. ती मला म्हणाली, "माझ्या होडीला सूट? हे तुला कुणी शिकवलं? तोड."

"आवो, तारली ताजी आहे, दिसतेय की..."

"अदोले. तोड म्हणते ना."

मी एक मासा उचलला. दोन्ही हातांनी वाकवला. तो ओल्या फडक्यासारखा मिटला. आवाज नाही.

समुद्राचा आवाज होता, कावळ्यांचा होता. तो एक आवाज नव्हता.

"दुसरा घे," ओडारले म्हणाली. दुसरा मिटला. "तिसरा." तिसराही. मग ती स्वतः पुढे आली. मणी खुळखुळले. तिनं होडीत हात घालून अगदी खालचा मासा काढला, आपल्या त्या जाड नखानं पाठीवरून चिरला आणि कणा ओढला. तळहातावर तीन तुकडे आले आणि काळं, साकळलेलं रक्त. ती तळहाताकडे बघत राहिली. मी त्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा पकडल्या गेलेल्या बाईचा नव्हता. तिला माहीत नव्हतं. देवा रे, तिला काहीच माहीत नव्हतं!

"लान्ते?" ती म्हणाली. एवढंच. मुलाला हाक मारावी तसं.

लान्ते होडीतून उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. आणि तो जे बोलला ते ऐकून मला आजही कळत नाही, त्याला मारावं की त्याच्यासाठी रडावं. म्हणाला, "तुझ्या घरात ही कधी येऊ दिली नाही, ओडारले. तुला मी गळाचीच देत होतो. रोज. स्वतः बसून." जणू हा बचाव होता. जणू हे ऐकून ती म्हणणार होती, बरं, मग ठीक आहे.

ती हळूच म्हणाली, "म्हणून तांबोशी."

मग आमच्याकडे वळली. "कधीपासून?"

शेवटी कोर्शीच बोलली, पण तिच्याही जिभेचं तिखट उतरलं होतं. "उगाच काय विचारता, आवो. दोन महिने झाले. तुम्हाला ठाऊक होतंच की."

"मला?"

"मग? तांबोशी काय आभाळातून पडत होती? तुम्हीच तर सांगत होता गल्लीभर. आम्हाला वाटलं..." कोर्शी थांबली. मी कोर्शीला कधी वाक्याच्या मध्ये थांबलेलं पाहिलं नव्हतं.

ओडारलेनं एकेकीकडे पाहिलं. चाळीसेक बायका होत्या. एकेकीची मान खाली. "तुम्हा सगळ्यांना वाटलं, मी यात आहे." ती विचारत नव्हती. "दोन महिने तुम्ही रोज सकाळी गुडघे वाकवून मला आवो म्हणत होतात, आणि मनात म्हणत होतात, चोरटी. आणि मी तांबोशीच्या गोष्टी सांगत होते. आणि तुम्ही हसत होतात."

मला तिथंच वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं. कारण आता एकच बाई उरली होती जिच्याकडे तिनं पाहिलं नव्हतं. ती सावकाश माझ्याकडे वळली.

"तूही?"

मी तोंड उघडलं. खोटं तयार होतं, जिभेवर होतं. ते बाहेर येईना. माझ्या गप्प बसण्यानं तिला हवं ते सगळं कळलं. नवऱ्यानं फसवलं तेव्हा ती उभी होती. माझ्याकडे पाहिल्यावर ती होडीच्या कडेला हात टेकून, दुखऱ्या गुडघ्यासकट, खाली बसली.

मग ती उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि बाजारातल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "विकणारी म्हणून मी भाव सांगते. काही नाही. घेणारी काय म्हणते?"

"आवो..."

"घेणारी काय म्हणते?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग थापा मार."

मी त्या होडीच्या कडेवर तीन थापा मारल्या. त्या होडीच्या इंजिनासाठी तिनं आपल्या आईचे सोन्याचे डूल मोडले होते, मला माहीत होतं. माझ्या हाताला अजून ते लाकूड लागतं. सगळी मासळी भरतीच्या रेषेवर खड्डा खणून पुरली. खड्डा लान्तेनं खणला, कुणी सांगितलं नव्हतं. होडी ओढून वर घेतली आणि पालथी घातली. जाण्याआधी ओडारले म्हणाली, "उद्यापासून प्रत्येक होडीतला मासा तुटेल. माझ्याही. मी राणी राहावं की नाही ते तुम्ही माझ्यामागे ठरवा. मागे बोलायची तुम्हाला सवय आहे." मग तिनं पाच-सहा तारल्या निळ्या घमेल्यात टाकल्या आणि गेली. मला वाटलं, पंचांना दाखवायला.

संध्याकाळी नेहमीसारखी मी वाडगा न्यायला गेले. जावं की नाही हे समजत नव्हतं, पण पाय गेले. तिनं शेंगदाण्याचं कालवण केलं होतं. घरभर तोच वास, लहानपणापासूनचा. तिच्यापुढे दोन वाडगे होते. काळ्या वाडग्यावर तिनं फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "हा नेऊन दे."

मी नेला. लान्ते पुरुषांच्या घराच्या ओट्यावर एकटा बसला होता. इतर पुरुष लांब सरकले होते. त्यानं फडकं सोडलं आणि पाहिलं. कालवणात तारली होती. कणे काढले नव्हते, तुकड्या-तुकड्यांनी वर तरंगत होते. तो खायला लागला. एकेक काटा तोंडातून काढून मांडीवर ठेवत सगळं खाल्लं, वाडगा धुतला आणि माझ्या हातात दिला. त्यानंतर तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. दुसऱ्यांची जाळी विणतो.

मी परत आले तेव्हा दुसरा वाडगा तसाच होता. मला वाटलं ती माझ्यासाठी थांबली आहे, आपण दोघी जेवू, रडू, संपेल. मी खाली बसले. तिनं वाडगा माझ्यापुढे सरकवला, आणि सात वर्षांच्या पोरीला म्हणाली होती तसंच म्हणाली, "खा. गार झालं तर मी दुसरं देणार नाही."

त्यातही तीच तारली होती. मी खाल्ली. ती समोर बसून बघत होती. प्रत्येक घासाला जिभेवर कण्याचे तुकडे लागत होते, आणि माझं रडू कालवणात पडत होतं. तिनं "पुरे" म्हटलं नाही.

बायकांनी तिला राणी ठेवलं, एकमतानं. कोर्शी सर्वांत आधी उठून उभी राहिली. मी अजून तिच्या शेजारी उभी राहते. तिच्या घरची होडी आता कोणीच हाकत नाही, म्हणून तिच्याऐवजी भाव करायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही. ती माझ्याशी बोलते, हसतेही. माझ्या मुलीच्या लग्नात तिनं आपले मणी तिच्या कमरेला बांधले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

फक्त लान्तेचा वाडगा. तो अजून रोज जातो. पण त्या संध्याकाळनंतर तिनं तो माझ्या हातात दिला नाही. स्वतः फडकं बांधते, डोक्यावर घेते आणि त्रेसष्ट वर्षांची बाई दुखरा गुडघा ओढत वाळूच्या गल्लीतून पलीकडे जाते. मी रोज त्या वेळेला वाडगा घ्यायला दारात उभी असते, हात पुसून. ती न थांबता माझ्यासमोरून जाते आणि म्हणते, "अजून उभीच आहेस?"